रॉइसच्या यादीतली नावं

डेटन, ओहायो
९ मार्च २०१५

चि. सौ. डेल्फा हिस,
कोरीनताईचे अ. उ. आ. वि. वि.

मी इथे बरी आहे. म्हणजे डावा गुडघा सोडून बाकीची मी बरी आहे. हर्शेलचा खोकला कसा आहे, आणि डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवला का, ते सविस्तर कळव. फोनवर आपण दोघी दोन मिनिटांच्या वर नीट बोलू शकत नाही हे जानेवारीत दिसलंच. फोन तू आपटलास की मी, यावर मला वाद घालायचा नाही. तूच आपटलास. म्हणून हे पत्र.

आपला रॉइस सापडला.

सतरा फेब्रुवारीला तो आपल्या पायांनी जाऊन शिक्षा भोगायला हजर झाला. फाटकापर्यंत मीच त्याला सोडलं. पाठीमागे वळून त्याने हात केला आणि त्यानंतर दोन आठवडे एक अक्षर नाही. शेवटी मी लायब्ररीत जाऊन संगणकावर फेडरल तुरुंगांचं कैदी शोधायचं पान उघडून घेतलं. रॉइस स्टिडम नावाचे दोघे निघाले. एक एकाहत्तर वर्षांचा, टेक्सासमध्ये. (काय केलं असेल गं त्याने या वयात?) दुसरा आपला, सेहेचाळीसचा, आणि त्याच्यापुढे ठिकाण म्हणून लिहिलं होतं ‘प्रवासात’. जसा काही सहलीला निघालाय! मग मी रोज जायला लागले. लायब्ररीतली बाई मला दारात बघितलं की संगणक चालू करून ठेवायची. सहाव्या दिवशी पत्ता उमटला. त्याला वेस्ट व्हर्जिनियात डोंगरातल्या तुरुंगात हलवलंय. का हलवलं, ते कोणी सांगत नाही. त्याचा आठ आकडी कैदी नंबर मला आता तोंडपाठ आहे. माझा स्वतःचा फोन नंबर विचारलास तर अडखळेन.

मी तिथे फोनही केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने सांगितलं की भेटायला कोणी यायचं ते कैदीच ठरवतो. तो नावांची यादी देतो आणि त्या माणसांना स्वतः फॉर्म पाठवतो. आपण भरून परत पाठवायचा, मग ते आपली चौकशी करतात, मग मंजुरी येते. म्हणजे आता फक्त पोस्टमनची वाट बघायची.

तुला त्याचं नावही ऐकवत नाही हे मी समजते. कोळशाची धूळ मोजायचे पंप त्याने माणसांच्या पट्ट्यावरून काढून चांगल्या हवेत टांगले, आणि खाणीतली हवा स्वच्छ असल्याचे कागद सरकारकडे गेले. ती हवा तुझ्या नवऱ्याने छातीत घेतली. यातलं काही मी नाकारत नाही. पण आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याला मी वाढवलंय. त्याने खून केला असता तरी मी डबा घेऊन गेले असते. (डबा नेऊ देत नाहीत, ते वेगळं.)

माझा फॉर्म आला की कळवते. तुझा लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा तरी जपून ठेव.

तुझी,
कोरीनताई


टॅनयार्ड क्रीक, केंटकी
१७ मार्च २०१५

ती. कोरीनताईस,
डेल्फाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हर्शेलचा ऑक्सिजन वाढवलाय. आता अंगणातल्या पत्रपेटीपर्यंत जाऊन यायचं तर मधे ओंडक्यावर बसावं लागतं. तरी जातो. तो नाही गेला तर मी जाईन, आणि मी गेले तर त्याला राग येतो.

शाळेच्या स्वयंपाकघरात आठ तास उभी असते, घरी आले की हे. तक्रार नाही, नुसतं सांगते.

परवा पत्रपेटीत जाड लिफाफा आला. वर रॉइसचं अक्षर. आत दोन फॉर्म. एक माझ्या नावाचा, एक हर्शेलच्या. चिठ्ठी वगैरे काही नाही. मला वाटलं तुझा तुला आधीच आला असेल, म्हणून मी विचारणारच होते की त्यात ते गुन्हेगारीचे इतके प्रश्न का विचारतात. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

मी तो भरणार नाही. दोन्ही पिठाच्या डब्याखाली ठेवलेत. हर्शेलला दाखवले नाहीत.

तुझा कदाचित वाटेत असेल. ओहायोला टपाल उशिरा जातं.

आहे तसाच लोभ राहू दे.

डेल्फा


डेटन
२८ मार्च २०१५

चि. सौ. डेल्फास,
आ. वि. वि.

टपाल ओहायोला उशिरा जात नाही. मी एकतीस वर्षं इथे राहते, मला माहीत आहे. केंटकीहून निघालेलं तुझं पत्र तिसऱ्या दिवशी आलं.

आठ दिवस मी गप्प बसले. वाटलं, आज येईल, उद्या येईल. मग परत फोन केला. तो सभ्य माणूस नव्हता, एक बाई होती. म्हणाली, तुमचं नाव यादीत आहे की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, त्यालाच पत्र लिहून विचारा. मी त्याला दोन पत्रं लिहिली आहेत, डेल्फा. एक सहा पानी. उत्तर नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहू नये हे मला कळतं. शिक्षा सुनावली त्या दिवशी कोर्टात त्याच्या मागे कोण बसलं होतं? मी. तू आलीस? त्याने गुन्हा कबूल केला तेव्हा त्याची मान खाली गेली, ती मीच बघितली. गेले वर्षभर शेजारणींचे कुत्सित प्रश्न मी ऐकले. आणि फॉर्म कोणाला? जिने त्याचं नाव घरात बंद केलं तिला! बरं, एक नाही, दोन! तुला तो पिठाच्या डब्याखाली घालायला मिळतो, आणि मी इथे पोस्टमनला खिडकीतून बघून चपला घालते. त्या बिचाऱ्याने आता मला पाहिलं की लांबूनच मान हलवायला सुरुवात केली आहे.

तुला जायचं नसेल तर त्याला तसं साफ लिहून टाक. म्हणजे तरी त्याला माझी आठवण होईल. तुझं नाव त्या यादीत जागा अडवून बसलंय एवढंच मला दिसतं.

रागावलीस तर रागाव. लोभाचं पुढच्या पत्री बघू.

कोरीन


टॅनयार्ड क्रीक
६ एप्रिल २०१५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. मग उत्तर लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की मला ते पाठ आहे.

तू लिहितेस की आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि तू सतरा. हे वाक्य मी जन्मभर ऐकतेय. पाहुण्यांना सांगतेस, चर्चमध्ये सांगतेस, कोर्टातल्या वकिलालाही सांगितलंस म्हणे. ताई, मी दहा वर्षांची होते. तुझ्या त्या गोष्टीत मी कधीच नसते. तो तुझ्या कडेवर, आणि मी मागून पाण्याची बादली घेऊन. त्याला ताप आला तर तू तीन रात्री जागलीस. मला गोवर आला तेव्हा मी गोठ्यात झोपले, त्याला लागू नये म्हणून. तूच सांगितलंस, आणि मी गेले. मला ते बरोबरच वाटलं होतं. आधी रॉइस, मग बाकीचे. आता बावन्न वर्षांची झाले तेव्हा कुठे पहिल्यांदा एखाद्या गोष्टीत माझं नाव तुझ्या आधी आलं, तर ती गोष्ट तुरुंगाचा फॉर्म निघाली. तीही तुला हवी आहे.

आणि आता ऐक. हर्शेलला पीठ लागलं. त्याला बिस्किटं करायची हुक्की आली. (तो करतो अजून, स्टुलावर बसून.) डब्याखालचे कागद त्याने वाचले, माझ्यापाशी चकार शब्द काढला नाही, आपला फॉर्म मोठ्या अक्षरात भरला आणि स्वतः पत्रपेटीत टाकून आला. मला कळलं ते मंजुरीची चिठ्ठी आली तेव्हा. मी चिडले. तो म्हणाला, मी जाणार, तू ने नाहीतर मी तुझ्या भावाच्या जुन्या ट्रकने जातो. सिलिंडर लावलेला माणूस साडेतीन तास डोंगरातून गाडी चालवणार!

म्हणून माझाही भरला. त्याच्यासाठी नाही, हर्शेलसाठी.

डेल्फा


डेटन
१३ एप्रिल २०१५

चि. सौ. डेल्फास,
आ. वि. वि.

गोठ्याचं मी विसरले होते. तू म्हणतेस तर तसंच झालं असणार.

त्यावर आत्ता लिहिता येत नाही. उपयोगाचं तेवढं लिहिते. मी ते नियमांचं पुस्तक सगळं वाचलंय, बहुतेक तिथल्या पहारेकऱ्यांपेक्षा जास्त वेळा. खाकी किंवा हिरवं काही घालू नकोस, ते कैद्यांचे रंग, दारातून परत पाठवतात. बिनबाह्यांचं नको. तारेची बॉडिस घालू नकोस, यंत्र वाजतं, आणि मग सगळ्यांदेखत शोभा होते. पर्स गाडीत ठेवायची. ओळखपत्र, गाडीची किल्ली आणि खायच्या यंत्रात टाकायला सुटी नाणी, तीही पारदर्शक पिशवीत. हर्शेलच्या सिलिंडरबद्दल आधी फोन करून लेखी परवानगी घे, ऐन वेळी ऐकणार नाहीत. मिठी दोनदाच मारू देतात, आल्यावर आणि निघताना. मधे हात धरू देतात की नाही ते त्या दिवशीच्या पहारेकऱ्यावर असतं.

मी हे सगळं कशाला वाचून ठेवलं होतं ते तुला कळतंच.

तो किती वाळलाय ते बघ. दात दुखत होता, विचार. माझं नाव त्याने आपणहून काढलं तर लिही. तुला विचारावं लागलं तर तेही लिही, खोटं लिहू नकोस. मी बरी आहे असं सांगू नकोस.

कोरीनताई


टॅनयार्ड क्रीक
२८ एप्रिल २०१५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी जाऊन आलो. तुझ्या यादीप्रमाणे सगळं केलं. माझ्यापुढची एक आजी हिरव्या स्वेटरपायी अडकली, मी नाही.

सिलिंडर तपासायला चाळीस मिनिटं लागली. हर्शेल खुर्चीवर बसून पहारेकऱ्याला झडप कशी उघडते ते शिकवत होता. मग मोठ्या खोलीत नेलं. रॉइस दारातून आला. वाळलाय, पण आजारी नाही. दात काढून टाकला. केस अगदी बारीक कापलेत, त्यामुळे कान बाबांसारखे दिसतात. त्याने हात पसरले. हर्शेल गेला. मी खुर्ची सरळ करत राहिले.

तासभर त्या दोघांनी माशांच्या गप्पा मारल्या. ताई, माशांच्या! कुठल्या डोहात कोणाच्या गळाची दोरी तुटली. हर्शेल हसला, त्याला ठसका लागला, रॉइसने यंत्रातून पाणी आणायला मला पाठवलं, कैद्याला यंत्रापाशी जाऊ देत नाहीत म्हणून. मी पाणी घेऊन आले. मग रॉइस बोलायला लागला. पाठ करून आला होता, ते कळत होतं. सन दोन हजार सहा, ऑक्टोबर, दुसरी पाळी. हर्शेलच्या पट्ट्यावरचा पंप आपण काढला आणि बाहेरची हवा आत येते तिथे खिळ्याला टांगला. हे कोर्टात सगळ्यांचं मिळून कबूल केलं, पण तुझं तुला सांगितलं नव्हतं, असं म्हणाला.

हर्शेलने हात वर केला. म्हणाला, “मला माहीत आहे. मी तिथेच डबा खात बसलो होतो.”

हर्शेल थांबत थांबत म्हणाला की पंपाने खरं सांगितलं असतं तर तो भाग बंद झाला असता, एकतीस माणसं घरी बसली असती, त्यात मी पहिला. मी बघितलं आणि डब्यात तोंड घातलं. “तू एकट्याने नाही टांगलास तो. दोघांनी टांगला म्हण.”

मग रॉइस रडला. हर्शेलने त्याचा हात धरला, आणि त्या दिवशीच्या पहारेकऱ्याने काही म्हटलं नाही.

आणि मी काय करत होते? पाण्याचा पेला धरून उभी होते. नऊ वर्षं, ताई. प्रकरण बाहेर आल्यापासून मी रॉइसला शिव्या घालत होते आणि हर्शेल जेवत बसायचा. त्याचे काळे रुमाल मी धुतले. रात्री त्याचे श्वास मी मोजले. आणि त्या माणसाच्या पोटात एक गोष्ट होती, ती माझी नव्हती, त्या दोघांची होती. तू म्हणशील हा राग आहे. मी पण तसंच समजत होते. गाडीत बसल्यावर कळलं की हा मत्सर आहे. हर्शेलतर्फे मी ज्याच्यावर रागावून बसले होते त्याच्याशी हर्शेलचं केव्हाच मिटलं होतं, आणि मला कोणी बोलावलंच नव्हतं.

निघताना रॉइसने पुन्हा हात पसरले. मी गेले नाही.

तुझ्याबद्दल मलाच विचारावं लागलं. तू खोटं लिहू नकोस म्हणालीस म्हणून लिहिते. पण उत्तर द्यायला तो थांबला नाही, तयारच होता. म्हणाला, “ताई मला बघितल्याबरोबर माफ करेल. ते मला अजून झेपणार नाही.” तुझं एक पत्र त्याने वाचलंय. सहा पानी उघडायचं धैर्य झालेलं नाही.

घरी आल्यापासून तीन दिवस मी हर्शेलशी बोलले नाही. काल तो म्हणाला की तुला सांगितलं असतं तर तू मला कामावर जाऊ दिलं नसतंस. खरंच दिलं नसतं.

दमले. लोभ असेलच, नसला तर या पत्रापुरता तरी धर.

डेल्फा


डेटन
९ मे २०१५

चि. सौ. डेल्फास,
आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी संतापले. माझी माया त्याला झेपत नाही, आणि तुझा राग झेपतो! बेचाळीस वर्षांची ही कमाई. दोन दिवस मी घरातली भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

मग असं वाटलं, की तो म्हणतोय ते बरोबर आहे. मी त्याला केव्हाच माफ केलं होतं. कोर्टात जायच्या आधीच. पण छाती हर्शेलची, रात्री तुझ्या, आणि माफी मी वाटत सुटले होते. मला कोणी विचारलं होतं?

हर्शेलशी बोल. मी सांगते म्हणून नाही. त्याला सांगून टाक की मत्सर वाटला. मला सांगितलंस तसं. मला इतक्या वर्षांत तू एवढं लांब पत्र लिहिलं नव्हतंस, आणि खरं सांगू, ते मिळालं याचा मला आनंद झाला, मग त्यात काही का असेना.

गोठ्याचं मला आठवलं. तू आपली गोधडी स्वतः उचलून नेलीस. मी दारातून कंदील दाखवला, पण आत आले नाही.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा मला सांगू नकोस. नाही, सांग.

तुझी,
ताई


डेटन
१६ सप्टेंबर २०१५

चि. रॉइस यास,
कोरीनताईचे अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तुला शनिवारनंतर मिळेल. मी शनिवारी येत नाही हे तुरुंगातल्या पाद्रीसाहेबांना फोन करून कळवलंय, ते तुला सांगतील. कारण मात्र माझ्या अक्षरात असावं.

हर्शेलचं तुला त्यांच्याकडूनच समजलं. डेल्फाने दोन वेळा फोन करून खात्री करून घेतली की तुला कोणी माणूस समोर बसून सांगेल, नुसती चिठ्ठी देणार नाहीत. मी केली नाही, तिने केली. सोमवारी सकाळी तो खुर्चीतच गेला. उन्हाळाभर त्यांचं बरं चाललं होतं. भांडायचे, आणि मग ती त्याला डोहावर घेऊन जायची. तिथे तू नव्हतास म्हणून तिला बरं वाटायचं, असं तिनेच मला लिहिलं होतं. तुला सांगायला हरकत नाही.

तुझा फॉर्म जुलैत आला तेव्हा मी काय केलं ते शेजारणींना विचार. मंजुरी आली, शनिवार ठरला, गाडीचं तेल बदलून घेतलं. सात महिने मी या दिवसाची वाट बघितली आहे. डेल्फाकडून आलेली तुझी प्रत्येक बातमी मी दात आवळून वाचली. तिला तू काय सांगितलंस, तिच्याकडे बघून कसा हसलास. मी भली बाई नाही, रॉइस. माझा जीव जळला.

हर्शेलचं दफन शनिवारी अकराला आहे. तुझी भेटीची वेळही तीच. डेल्फाने मला ये म्हटलं नाही. नुसतं कळवलं, आणि म्हणाली, “तू रॉइसकडे जा ताई, तू फार वाट बघितली आहेस.” टोमणा असता तर मी उलट बोलले असते. टोमणा नव्हता. दहा वर्षांची असताना ती ज्या आवाजात म्हणायची, आधी रॉइसला दे, त्याच आवाजात म्हणाली. तेव्हा मी आधी तुला दिलं होतं. प्रत्येक वेळी.

मी तिच्याकडे चालले आहे. आज दुपारीच निघते. तिने दार उघडल्यावर काय म्हणायचं ते मला माहीत नाही, बहुतेक भांडी घासायला घेईन. किती दिवस राहीन ते ती ठरवेल. तुझ्याकडे पुढे येईनच, पण कधी, ते आज लिहीत नाही. तुला वाईट वाटेल. तुझ्याऐवजी मी तिला निवडलं म्हणून मनात थोडं जळेलही. जळू दे, आम्ही दोघींनी सहा महिने तेच केलंय, कोणी मेलं नाही त्याने.

एक काम कर. तुझी या महिन्याची फोनची मिनिटं उरली असतील ती मला देऊ नकोस. डेल्फाला फोन कर. ती उचलणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. कधीतरी उचलेल आणि काही बोलणार नाही. मग तूही बोलू नकोस, माफी तर अजिबात मागू नकोस. नुसता धरून ठेव. पंधरा मिनिटं झाली की तुरुंगाचा फोन आपला आपण तुटतो.

माझ्यावरचा लोभ आता थोडा तिच्याकडे वळव. मला कमी पडणार नाही.

तुझी,
ताई